कास पठारावरच्या रानफुलांचे जवळून घेतलेले फोटो धूसर का येतात?

100 मिमीची मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेण्याची) लेन्स असूनही कास पठारावर काढलेले ‘सीतेची आसवे’ या इवल्या जांभळ्या रानफुलांचे फोटो धूसर का आले, असे आपण विचारले आहे. लेन्सवर ठपका ठेवण्याआधी आपण फुलाच्या किती जवळ गेला होता, ते आठवून पाहावे. फुल फ्रेम (36×24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर फूल 1:1 प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराएवढे घेतले, तर लेन्सचे छिद्र एफ 8 इतके लहान ठेवूनही (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) जेमतेम 1 मिलिमीटर जाडीचा भाग रेखीव येतो; तेच फूल निम्म्या आकाराचे दिसेल इतके मागे सरकल्यास ही जाडी सुमारे 3 मिलिमीटर होते. जेमतेम सेंटिमीटरभर फुलासाठी हा फरक फार मोठा आहे, म्हणून मी मागे सरकून फोटो घेतो आणि घरी आल्यावर कडा कापतो. छिद्र एफ 22 पर्यंत लहान करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते.

दुसरी बाब कोनाची. सोनकीचे पिवळे फूल चपटे असल्याने ते समोरून घ्यावे, म्हणजे ते सगळे त्या पातळ रेखीव भागात मावते. सीतेच्या आसवांची खालची पाकळी आणि तिच्याखालची शेपटीसारखी नळी बाजूने पाहिल्यास साधारण एकाच प्रतलात येतात, त्यामुळे ते फूल बाजूनेच बरे उठून दिसते.

उरला वारा, आणि उघड्या पठारावर तो थांबत नाही. सकाळी लवकर जावे, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवून शटरचा वेग 1/500 सेकंदाच्या आसपास ठेवावा, ऑटोफोकस बंद करून स्वतःच किंचित पुढे-मागे होत लागोपाठ पाच-सहा फोटो घ्यावेत. सोबत्याने पांढरी छत्री धरली, तर वारा अडतो आणि ऊनही सौम्य होते.

एकदा गेंद या पठारावरच्या रानफुलांसाठी मी बिनदिक्कत आडवा झालो होतो, आणि उठल्यावर माझ्या कोपरांखाली चिरडलेली रोपे दिसली, ती अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. जांभ्या खडकावरचा तो ओला मातीचा थर अगदी पातळ असतो, आणि सीतेच्या आसवांचे सूक्ष्म जीव पकडणारे इवले फुगे त्यातच असतात. त्यामुळे आता मी आखून दिलेल्या वाटेवरच गुडघे टेकतो. हात पोहोचणार नाही अशा फुलासाठी 70-300 मिमीची लेन्स वापरतो आणि तिच्यापुढे क्लोजअप फिल्टर, म्हणजे जवळचे फोकस करू देणारे भिंग, लावतो.