"सर, मी काहीच केलेलं नाही, आईशप्पथ"

दुपारी अडीचची वेळ, ओपीडी ओसरलेली, आणि दारात एक पंचविशीतलं पोरगं उभं. खुर्ची दाखवली तरी बसेना. "सर, उभं राहूनच बोलतो." म्हटलं बोल बाबा. पण चाल बघूनच लक्षात आलं होतं की दुखणं जांघेत आहे, कारण आत येताना दोन्ही पाय फाकवून, जपून जपून आला होता, आणि अंगावर जीन्स नाही तर वडलांची ढगळ नाईट पँट, कमरेला नाडी दोनदा गुंडाळलेली.

त्याला आपण सागर म्हणू. नाव, गाव, कामधंदा सगळं बदललंय. लग्नाला १९ दिवस राहिलेले. पहिलं वाक्य काय, तर "सर मला गुप्तरोग झालाय." आणि लगेच दुसरं, "पण मी काहीच केलेलं नाही, आईशप्पथ."

चौदा वर्षं तालुक्याच्या ह्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसतोय, त्यामुळे एक सांगू शकतो, असं म्हणत येणाऱ्या बऱ्याच पोरांनी खरंच काही केलेलं नसतं, रेझर फिरवण्याशिवाय.

हळूहळू एकेक निघत गेलं. कट्ट्यावर मित्रांनी विचारलं होतं, काय मग, साफसफाई झाली का? म्हणजे जांघेतले केस काढले का. सगळे हसले, हा पण हसला, आणि घरी येऊन रील बघत बसला. रात्री सगळे झोपल्यावर बाथरूममध्ये वडलांचा दाढीचा रेझर घेतला, कुठलं ब्लेड किती जुनं काही बघितलं नाही, लांब केस आधी कापायचे असतात हे माहीत नाही, नुसता साबण लावून सुरू. अंडकोशाची कातडी सुरकुतलेली, सैल, तिच्यावर रेझर असा सरळ चालतच नाही, दोन ठिकाणी कापलं. रक्त बघून घाबरला आणि दाढीनंतर लावतात तशी तुरटी लावली. पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, नुसतं वर छताकडे बघितलं.

तरी थांबला का? नाही. अर्धवट राहिलेलं कसं दिसतं म्हणून दुसऱ्या रात्री ताईच्या कपाटातली हेअर रिमूव्हल क्रीम. ट्यूबवर पाच मिनिटं लिहिलेलं, आपले केस जाड आहेत म्हणून ह्याने पंधरा मिनिटं ठेवली, ती पण आदल्या रात्री कापलेल्या जागेवर. सकाळी लालभडक, सोललेलं, कपडा लागला तरी आग. मग गावात नको म्हणून शेजारच्या गावातल्या मेडिकलमध्ये गेला आणि "खाजेवर काहीतरी द्या" म्हणाला. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती ह्याने पाच दिवस चोळली. आणि पाचव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघताना त्याला अंडकोशावर बारीक बारीक पांढरट-पिवळे दाणे दिसले, ओळीने, रव्यासारखे. झालं. गुप्तरोग.

एसटी स्टँडच्या भिंतीवरचा नंबर पण फिरवून झालेला. फोनवरच्या माणसाने दाणे काय, आग काय, काही न विचारता "नसा कमजोर झाल्यात, सहा हजार घेऊन या" सांगितलं. सहा हजार नव्हते म्हणून सागर आमच्याकडे आला, नाहीतर त्याची पुढची गोष्ट मला कधी कळलीच नसती.

आता बघा, ह्या पोराने आठ-नऊ दिवसात मित्र, रील, क्रीमची ट्यूब, मेडिकलवाला आणि भिंत अशा पाच जागी सल्ला घेतला, आणि ह्यातल्या एकाही ठिकाणी त्याने नीट, पूर्ण प्रश्न विचारलाच नव्हता. विचारणार कसा? आपल्या मराठीत ह्या केसांना बोलीतला शब्द आहे की, पण तो फक्त भांडणात वापरतात. दुसरा आहे तो जीवशास्त्राच्या पुस्तकातला, तो कोणाच्या तोंडात बसत नाही. माझ्यासमोर सुद्धा वीस मिनिटं तो "ते", "तिथलं", "खालचं" असंच बोलत होता. म्हटलं ठीक आहे, खालचे केस म्हणू, मला समजतंय, तू लाजू नको. त्याने खिशातून मोबाईल काढला, त्यात चाळीसेक फोटो, झूम करून दाखवायला लागला. ते मात्र मी थांबवलं. बघायचं काम डॉक्टरांचं, आणि हे फोटो आधी डिलीट कर, ताईने गॅलरी उघडली तर काय करशील? हे ऐकून पहिल्यांदा जरा हसला.

आमच्या स्किनच्या डॉक्टरांनी पाच मिनिटात तपासलं. क्रीमने भाजलेलं होतं, रेझरमुळे केसांच्या मुळाशी आठ-दहा बारीक पुटकुळ्या, आणि ते रव्यासारखे दाणे म्हणजे फोर्डाइस स्पॉट्स. ह्या तेलाच्या ग्रंथी असतात, बहुतेकांना असतात, ओठांच्या आतल्या बाजूला पण दिसतात, ना आजार ना संसर्ग, काही उपचार लागत नाही. वयात आल्यापासून ते तिथेच होते, केसांमुळे दिसत नव्हते एवढंच. "मग सर, हे रोगाचं नाही?" हा प्रश्न त्याने डॉक्टरांना दोनदा आणि बाहेर येऊन मला तीनदा विचारला. अजून एक प्रकार असतो, शिश्नाच्या टोकाच्या कडेने बारीक मोत्यांची ओळ असल्यासारखे दाणे, ते पण नॉर्मल, आणि पहिल्यांदा केस काढल्यावर ते बघून रडत आलेला एक इंजिनिअरिंगचा मुलगा मला आठवतो. अर्थात सगळेच दाणे निरुपद्रवी नसतात, मस्से असतात, पाण्याचे फोड असतात, म्हणून गूगलवर फोटो जुळवत बसण्यापेक्षा एकदा डॉक्टरला दाखवलेलं बरं. सरकारी हॉस्पिटलमध्ये सुरक्षा क्लिनिक नावाची खोली असते ती ह्याचसाठी, तिथे फुकट बघतात.

क्रीमचं त्याला जरा समजावून सांगितलं कारण "पण ताई तर वापरते की" हा मुद्दा त्याच्या डोक्यातून जाईना. ह्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट नावाचं केमिकल असतं, ते केसातलं केराटिन नावाचं प्रोटीन मऊ करून तोडतं, आणि केराटिन काय फक्त केसात नाही, कातडीच्या वरच्या थरात पण असतं. हातापायाची कातडी जाड, ती तेवढा वेळ सहन करते. अंडकोशाची शरीरातल्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी. १९६७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, तेच स्टिरॉइड हातावर लावलं आणि अंडकोशावर लावलं, तर अंडकोशाच्या कातडीने हाताच्या सुमारे ४२ पट जास्त शोषून घेतलं. म्हणजे क्रीमचं तर सोडाच, पण मेडिकलवाल्याने जी "खाजेची" ट्यूब दिली, तिच्यात कडक स्टिरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक सगळं एकत्र कालवलेलं होतं. पहिले दोन दिवस बरं वाटतं, तीच तर गंमत आहे तिची, मग कातडी अजून पातळ होते, लाल राहते आणि ट्यूब बंद केली की आगआग. असले तिहेरी ट्यूब जांघेत चोळून चोळून नायटा बिघडवून आलेली माणसं आमच्या ओपीडीत रोज असतात. सागरचे पाचच दिवस झाले होते, वाचला. डॉक्टरांनी सगळं बंद करून साधी पेट्रोलियम जेली, सैल सुती कपडे आणि पुटकुळ्यांसाठी थोडं औषध एवढंच दिलं.

मग तो बसला. खरंच बसला, खुर्चीच्या कडेवर.

मी विचारलं, हे काढायचं कशासाठी होतं? "सर, स्वच्छता." म्हटलं केस असणं म्हणजे घाण नाही रे. रोज साबणाने धुतलं आणि नीट कोरडं केलं की झालं. ते केस तिथे घर्षण कमी करतात, कातडीला कातडी घासू देत नाहीत, उन्हाळ्यात बाईकवर दिवसभर फिरणाऱ्याला विचार. नाहीच काढले तरी काही बिघडत नाही. बारीक केले तर घाम कमी धरतो, बरं वाटतं, ते पण ठीक. हा आवडीचा प्रश्न आहे, आरोग्याचा नाही. "आणि तिला?" तिने काही म्हटलंय का? "छे सर, फोनवर असलं कोण बोलतं." म्हणजे जिच्यासाठी एवढं रक्त सांडलं तिला पत्ताच नाही. त्यावर मी जास्त बोललो नाही.

आमचे फार्मासिस्ट मुसलमान आहेत, साठीकडे झुकलेले. दार उघडं होतं, ते औषध द्यायला आले आणि सहज म्हणाले, आमच्यात चाळीस दिवसांच्या वर ठेवत नाहीत, पोरगा वयात आला की घरातलं कोणीतरी मोठं माणूस बाजूला घेऊन सांगतं, कसं करायचं, कितीदा. सागर त्यांच्याकडे बघतच राहिला. मला पण जरा चटका लागला, खोटं कशाला बोलू, माझा मुलगा १७ वर्षांचा आहे आणि मी हे दुसऱ्यांच्या पोरांना सांगत बसतो.

तर सागरला जे सांगितलं ते इथे पण सांगतो. काढायचेच असतील तर ट्रिमर, गार्ड म्हणजे पात्यावरची कंगव्यासारखी टोपी लावून, तीन ते सहा मिलिमीटर, अगदी चकाचक करायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ऑपरेशनच्या आधीच्या तयारीसाठी सांगितलंय की केस शक्यतो काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपरने, म्हणजे ट्रिमरसारख्या मशीनने, रेझर नको, कारण रेझरने बारीक ओरखडे पडतात आणि तिथून जंतू आत जातात. मी त्याला म्हटलं, ऑपरेशन टेबलवर चालत नाही ते तुझ्या बाथरूममध्ये कशाला? ट्रिमर स्वतःचा, दाढीचा वेगळा आणि हा वेगळा. हॉस्टेलच्या एका खोलीत चौघांनी एकच ट्रिमर वापरला आणि चौघेही जांघेत गोल गोल नायटा घेऊन आले, एकाच रिक्षातून. लांब केस आधी कात्रीने जरा कमी करायचे, कात्री बोथट टोकाची, मध्ये कंगवा धरायचा. केस आणि कातडी कोरडी असताना, उजेडात, घाई नसताना, एका हाताने कातडी हलकेच ताणून धरायची कारण कापतं ते सुरकुतीतच. मग अंघोळ, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. आफ्टरशेव्ह, तुरटी, डिओ, जंतुनाशक पाण्यात ओतणं, ह्यातलं काही नको. त्या दिवशी जिम नको, घट्ट अंडरवेअर नको.

आणि रेझरच वापरायचा हट्ट असेल तर फक्त वरच्या भागावर, पोटाखाली, नवीन ब्लेड, कोमट पाण्याने मऊ करून, केसाच्या दिशेनेच. उलटं फिरवलं की केस कातडीखाली वळून वाढतो आणि ती दुखणारी गाठ होते, तिला नखाने किंवा सुईने कोरायचं नाही. दोन-तीन दिवसांनी जे टोचतं आणि खाज सुटते ते कापलेलं टोक बोथट असतं म्हणून, केस जाड झाला म्हणून नाही. कापल्याने केस जाड येतात हे आपल्या आजोबांपासून चालत आलेलं आहे आणि चूक आहे. कापलंच तर स्वच्छ कपड्याने दहा मिनिटं दाबून धरायचं, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही.

एक गोष्ट मात्र मी सागरला सांगितली नाही, त्याला गरज नव्हती, पण शुगर असलेल्यांनी वाचावी. पन्नाशीतले एक गृहस्थ, शुगर कायम वाढलेली, असंच रेझरने कापलं आणि लाजेने चार दिवस घरी बसले. आले तेव्हा ताप, सूज, अंडकोशाचा एक भाग काळा पडायला लागलेला. त्याला फोर्निए गँगरीन म्हणतात, जंतूंमुळे तिथली कातडी-मांस सडत जातं, ते तासागणिक पसरतं, त्यांना तिथूनच ॲम्ब्युलन्सने जिल्ह्याला पाठवलं, ऑपरेशन झालं, वाचले. ताप, पसरत जाणारी लाली, दिसतंय त्यापेक्षा खूप जास्त दुखणं, काळा डाग, ह्यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

सागरची शेवटची काळजी निघाली ती हळदीची. "सर, हळदीला मित्र सोडत नाहीत, पार आतपर्यंत हळद भरतात, आमच्या गावात तशीच पद्धत आहे." आता हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. म्हटलं तोपर्यंत कातडी आली असेल, तरी आतून शॉर्ट घाल, आणि सांग की अंगावर पित्त उठलंय, डॉक्टरने हळद लावायला मनाई केलीय. "डॉक्टरचं नाव विचारतील." म्हटलं माझं सांग.

बारा-तेरा दिवसांनी त्याचा फोन आला. मागून बाजारातला गोंगाट, आवाज एकदम दबका. "सर, बरं झालंय सगळं. आता दुकानात उभा आहे. तीनचा गार्ड घेऊ की सहाचा?"

म्हटलं सहाचा घे.

"आणि सर, हा दुकानदार विचारतोय दाढीसाठी पाहिजे का."

मग काय सांगितलंस?

"हो म्हणालो."