झाड कोमेजले की लगेच पंप?
कपाशीच्या वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कपाशीची आहेत आणि निम्म्याहून अधिक पत्रांत "कोणते औषध मारू?" असेच विचारले आहे. काही ठिकाणी औषधाची गरजच नव्हती. झाड ताणात होते, कीड नव्हती. म्हणून औषधाआधी झाड कसे तपासायचे, यावर उत्तरांत भर दिला आहे.

प्रश्न : पंधरा-वीस दिवस पाऊस नव्हता. मग दोन दिवस धो-धो कोसळला. ऊन पडताच पऱ्हाटीने (कपाशीने) जागोजाग माना टाकल्या. दुकानदार म्हणतो मर रोग आहे, बुरशीनाशकात एक कीटकनाशकही टाका. काय करावे?
(कळंब, जि. यवतमाळ)

आधी कोमेजलेले एक झाड मुळासकट उपटा आणि बुंधा चाकूने उभा चिरा. आतले लाकूड पांढरे, स्वच्छ असेल, मुळांची साल शाबूत असेल आणि झाड उपटायला जोर लागला असेल, तर हा बुरशीचा मर रोग नाही. ही आकस्मिक मर, म्हणजे झाडाच्या शरीरक्रियेतला बिघाड. बुरशीच्या मर रोगात चिरलेल्या बुंध्यात तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. मूळकुज असेल तर झाड सहज हातात येते आणि मुळाची साल सोलून निघते.

आकस्मिक मर होते कशी, हे कळले की उपाय आपोआप सुचतो. भारी काळी जमीन भिजली की फुगते, तिच्यातली हवेची पोकळी पाण्याने भरते आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. प्राणवायूविना मुळे पाणी ओढत नाहीत, म्हणून पाण्यात उभे असूनही झाड तहानलेले राहते. वर ऊन पडले की पाने पाणी उडवू लागतात आणि झाड काही तासांत मान टाकते. दुसरीकडे गुदमरलेल्या मुळांत इथिलीन तयार होण्याआधीचा पदार्थ साचतो. तो वर पानांत जातो, तिथे प्राणवायू मिळताच त्याचे इथिलीन होते आणि पाने, पाते (फुलांच्या कळ्या), कोवळी बोंडे गळतात. बोंडांचा भार जास्त असलेल्या जोमदार झाडांना हा झटका अधिक बसतो.

पहिले काम फावड्याचे आहे. चर काढून साचलेले पाणी शेताबाहेर काढा. वाफसा (मशागतीपुरती ओल) येताच हलकी डवरणी (ओळींमधली कोळपणी) करून हवा खेळती करा. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून कोमेजलेल्या झाडाच्या बुंध्याशी १०० ते १५० मिली ओता आणि बुंध्याजवळची माती पायाने दाबून घ्या.

कोबाल्ट क्लोराइडची फवारणी इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी रोखते. पण ती लक्षण दिसल्यापासून काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत झाली तरच फायदा होतो. मात्रा लिटरला १० मिलिग्रॅम. एवढे घरच्या काट्यावर मोजता येत नाही आणि अंदाजाने टाकले तर पाने जळतात. म्हणून १ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातले १५० मिली १५ लिटरच्या पंपात टाका. हा पदार्थ विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा.

कीटकनाशकाचा इथे काहीही उपयोग नाही. मुळे पाणी ओढत नाहीत तोवर आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून पसरणारे) औषध झाडात नीट फिरणारही नाही.

प्रश्न : पाने लाल पडत आहेत. लाल्या म्हणावा की तुडतुडे?
(घाटंजी)

पान उलटे करून पाहा. खालच्या बाजूला हिरवट, पाचरीसारखी बारीक पिल्ले तिरकी चालत पळत असतील तर तुडतुडे. त्यांच्यामुळे आधी पानाची कड पिवळी पडते, मग लालसर होते आणि पान खाली वळते. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली २० झाडे निवडा, प्रत्येकाची वरची, मधली आणि खालची अशी ३ पाने मोजा. पानामागे सरासरी २ ते ३ पिल्ले भरली तरच फवारणीचा विचार करा. मावा किंवा फुलकिड्यांसाठी हा आकडा पानामागे १० आहे.

शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल, सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून, किडीचा पत्ता नाही, असे असेल तर लाल्या, म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियमची कमतरता. बोंडे भरताना झाड पानांतले नत्र बोंडांकडे वळवते, त्यातच पाण्याचा ताण किंवा रात्रीची थंडी वाढली की लाली झपाट्याने पसरते. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २०० ग्रॅम युरिया घेऊन फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. युरियाऐवजी डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) वापरायचे असेल तर ते मॅग्नेशियम सल्फेटसोबत एकाच पंपात टाकू नका. दोन्हींचा साका होतो, नोझल तुंबते आणि अन्नद्रव्यही वाया जाते. लाल झालेले पान पुन्हा हिरवे होणार नाही. नवी पाने कशी येतात तेवढे पाहा. वेचणी संपत आल्यावर येणारी लाली म्हणजे झाडाचे म्हातारपण, तिच्यावर खर्च करू नये.

प्रश्न : शेंड्याची पाने भेंडीसारखी चिरलेली, लांबट निघत आहेत. विषाणू आहे का? पांढऱ्या माशीचे औषध मारले, फरक नाही.
(समुद्रपूर, जि. वर्धा)

नवी पाने अरुंद, बोटांसारखी आणि शिरा एकमेकींना समांतर, पण खालची जुनी पाने धड, हे २,४-डी तणनाशकाचे लक्षण आहे. कपाशी या तणनाशकाला इतकी हळवी आहे की पंपात राहिलेला अंशही पुरतो. कपाशीचा पर्णगुच्छ विषाणू मुख्यतः पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या पट्ट्यात आढळतो. त्यात पान वाटीसारखे वळते आणि शिरा जाड होतात.

आता शोध घ्या. तोच पंप बांधावर किंवा ज्वारी-उसात तणनाशकाला वापरला होता का? शेजाऱ्याने वारा तुमच्याकडे असताना मारले का? २,४-डीचा इथाइल एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन दूर जातो, अमाइन सॉल्टची वाफ त्या मानाने फारच कमी होते. झाडातून हे तणनाशक काढून टाकणारे कोणतेही औषध नाही. अंश थोडा असेल तर काही आठवड्यांत नीट पाने फुटतात, पाण्याचा ताण मात्र पडू देऊ नका. तणनाशकाचा पंप, नळी, बादली, मापे सगळे वेगळे ठेवा. एकच पंप असेल तर १ टक्का अमोनियाचे पाणी रात्रभर भरून ठेवा, सकाळी लान्समधून (फवारणीच्या दांडीतून) सोडा, मग साध्या पाण्याने तीनदा धुवा. नुसते विसळून २,४-डी जात नाही.

प्रश्न : पऱ्हाटी डोक्याएवढी झाली आहे. औषध मारताना मजुराला चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. उन्हामुळे की औषधामुळे? काय काळजी घ्यावी?
(राळेगाव)

औषधामुळेच, असे समजून पावले उचला. उशीर जिवावर बेततो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्या वर्षी पऱ्हाटी उंच आणि दाट होती, हवा दमट होती, बॅटरीचे पंप बारीक तुषार जोरात उडवत होते आणि एका टाकीत दोन-तीन औषधे मिसळली जात होती. डोक्याएवढ्या पिकात फवारा वरच्या दिशेने जातो आणि अंगावर पडतो. मागून येणारा माणूस ओल्या पानांत घासत चालतो. घामाने भिजलेल्या कातडीतून औषध भराभर शोषले जाते, जांघेच्या नाजूक कातडीतून तर हातापेक्षा कितीतरी जास्त.

मिश्रणाचा धोका नुसता बेरजेचा नाही. सायपरमेथ्रीनसारख्या औषधाचा शरीरात निचरा करणारी विकरे (एन्झाइम) प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस औषधे बंद पाडतात. म्हणून लेबलवर तयार मिश्रण म्हणून दिलेले नसेल तर स्वतःहून दोन औषधे एकत्र करू नयेत.

पाळायच्या गोष्टी : वारा पाठीमागून किंवा कडेने असू द्या, समोरून कधीच नको. ओल्या ओळीत शिरू नका, फवारलेली ओळ वारा वाहत जातो त्या बाजूला राहील असे सरका. सकाळी दोन-तीन तास काम करा, ऊन चढले की थांबा. समोरून छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचा ॲप्रन बांधा. पँट बुटांच्या बाहेर ठेवा, नाहीतर ओघळ बुटात जातो. उंच पिकात हात वर जातात, म्हणून हातमोजे बाहीच्या वर चढवून कड बाहेरून दुमडा. रुमाल तोंडाला बांधून समाधान मानू नका, तो भिजला की औषध नाका-तोंडाशीच धरून ठेवतो. सेंद्रिय वाफ शोषणारा कार्ट्रिजचा मास्क लागतो. मधल्या वेळात खर्रा, तंबाखू, विडी अजिबात नको. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका, गवताची काडी किंवा ब्रश वापरा. सगळ्यात घातक काम टाकी भरण्याचे असते, तिथे औषध पातळ झालेले नसते. मोजताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

लाळ, घाम, डोळ्यांत पाणी, उलटी, पोटात कळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडणे, दम लागणे : ही सेंद्रिय फॉस्फरस विषबाधेची चिन्हे. माणसाला शेताबाहेर सावलीत आणा, कपडे काढा (स्वतः हातमोजे घालून), साबण-पाण्याने अंग, केस, नखे धुवा, डोळे १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने. उलटी करायला लावू नका, दूध-तूप-तेल पाजू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्या. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम हे उतारे या गटावर चालतात. पॅराक्वाट (तणनाशक) किंवा सायपरमेथ्रीनवर असा उतारा नाही, म्हणून डॉक्टरांना नाव कळणे फार मोलाचे. बरे वाटले तरी त्या मजुराला लगेच दुसऱ्या दिवशी पंप देऊ नका, डॉक्टर सांगेपर्यंत फवारणीच्या कामापासून दूर ठेवा.

प्रश्न : हिरव्या त्रिकोणाचे औषध म्हणजे निर्धोक ना?
(पांढरकवडा)

नाही. औषधाच्या लेबलवरील त्रिकोणाचा रंग उंदरांवरील तातडीच्या विषारीपणावरून ठरतो. तोंडावाटे दिल्यास निम्मे उंदीर मारणारी मात्रा किलो वजनाला १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा, त्याहून जास्त लागली तर हिरवा. मासे, मधमाश्या किंवा पाण्यातले बारीक जीव यांचा त्यात हिशेब नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल हे कीटकनाशक हिरव्या त्रिकोणाचे आहे, पण पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांना अतिशय घातक आहे. पंप नाल्यात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. धुतलेले पाणी फवारलेल्या शेतातच फिरवा.