आरागिरणीचा भुसा : इथेनॉल की पांढरा कोळसा?

प्रश्न : आमच्या भागातील आरागिरण्यांत सागवानाचा भुसा, साली आणि ढलपे यांचे ढीग साचतात. थोडा माल वीटभट्ट्यांकडे जातो, उरलेला पावसाळ्यात भिजून कुजतो. बचत गटामार्फत यापासून इथेनॉल तयार करावे, असे काही तरुणांचे म्हणणे आहे. ते शक्य आहे काय? भुसा गोबरगॅस संयंत्रात टाकता येईल काय? जंगलातील वाळक्या फांद्याही त्यात वापरता येतील काय?
— एक वाचक, देसाईगंज (जि. गडचिरोली)

उत्तर : लाकडापासून इथेनॉल होते, परंतु ते बचत गटाच्या आवाक्यातील काम नव्हे. उसाच्या मळीत साखर आयती मिळते, तर लाकडातील साखर सेल्युलोज आणि हेमीसेल्युलोज यांच्या साखळ्यांत बांधलेली असून त्यांभोवती लिग्निनचे चिवट वेष्टन असते. ते उकलण्यासाठी दाबाखालील वाफ किंवा आम्ल वापरावे लागते, नंतर विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने साखर मोकळी करावी लागते. आणि एवढे करूनही हेमीसेल्युलोजमधून निघणारी पाच कार्बन अणूंची साखर नेहमीच्या यीस्टला आंबवता येत नाही. पानिपत येथे २०२२ मध्ये उद्घाटन झालेला इथेनॉल कारखाना दिवसाला १ लाख लिटर क्षमतेचा असून त्यासाठी वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा लागतो. तालुक्यातील साऱ्या आरागिरण्यांचा भुसा एकत्र केला तरी त्या प्रमाणाच्या जवळपासही पोचणार नाही. गोबरगॅसचे उत्तर त्याहून सोपे आहे: संयंत्रातील जिवाणूंना लिग्निन पचत नाही, त्यामुळे भुसा टाकल्यास गॅस वाढत नाही आणि संयंत्र मात्र तुंबते.

आपल्यासाठी योग्य मार्ग म्हणजे भुसा दाबून त्याच्या कांड्या, म्हणजे ब्रिकेट, तयार करणे. बाजारात यालाच पांढरा कोळसा म्हणतात. यंत्रातील दाबाने आणि उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते व तेच डिंकाचे काम करते, म्हणून वेगळे बंधक द्रव्य लागत नाही. सुट्या भुशाचा एक घनमीटर साधारण दोनशे किलो किंवा त्याहून कमी भरतो, तर कांडीची घनता घनमीटरला हजार किलोच्या आसपास जाते. वाहतुकीचा खर्च परवडतो तो यामुळेच.

मात्र सारा व्यवहार ओलाव्यावर अवलंबून आहे. ताज्या कापलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते आणि असा माल जाळल्यास किलोमागे जेमतेम दोन हजार किलोकॅलरी उष्णता हाती येते. तोच भुसा दहा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला तर ती सुमारे चार हजारांवर जाते. ओला भुसा यंत्रात घातला तर आत कोंडलेल्या वाफेने कांडी फुटते. म्हणून यंत्राची चौकशी करण्याआधी भुसा वाळवण्यासाठी पक्के खळे आणि पावसाळ्यासाठी पत्र्याची शेड उभारावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. यंत्र आधी येते, शेड राहून जाते आणि जून उजाडताच काम ठप्प होते, हे चित्र टाळता येण्याजोगे आहे.

गिऱ्हाइकाचा विचारही आधीच करावा. परिसरातील भातगिरण्यांकडे तूस स्वतःचेच असल्याने त्या कांड्या घेतील, अशी अपेक्षा ठेवू नये. बॉयलर चालवणारे अन्य कारखाने शोधावेत आणि त्यांना लाकडी कांडीचा मोठा गुण सांगावा: तुसाची राख वीस टक्क्यांच्या आसपास निघते, तर स्वच्छ लाकडाची सुमारे एक टक्का. सालींना माती चिकटलेली असते, त्यामुळे राख वाढते आणि साचाही लवकर झिजतो. त्या वेगळ्या काढलेल्या बऱ्या. भुसा अपुरा पडल्यास पऱ्हाटी आणि तुराट्या बारीक करून मिसळता येतात. या दोन्ही गोष्टींचा विदर्भात तुटवडा नाही. प्लायवूडचा भुसा मात्र घेऊ नये, कारण त्यातील गोंदाचा धूर घातक असतो. लाकडाची बारीक धूळ श्वासावाटे सतत आत जाणेही धोक्याचे असल्याने कामगारांना मास्क द्यावेत आणि शेडमध्ये विडी पेटवू देऊ नये.

जंगलातील फांद्यांबाबत सरसकट होकार देता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य मालाच्या, व्याख्येत बांबूबरोबरच झाडोरा आणि खुंट यांचाही समावेश आहे. त्यामुळे ज्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळालेला आहे, तिने ठराव करून असा माल काढता येतो. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला. जिथे तो नाही, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय विक्रीसाठी माल उचलू नये. पालापाचोळा मात्र हक्क असला तरी तिथेच राहू द्यावा: त्याची राख जास्त निघते आणि त्यातील पोषकद्रव्ये जमिनीला परत मिळणे गरजेचे असते.