फोटोची उलटतपासणी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

जुन्या फोटोवरून व्यक्तिचित्र करण्याचं काम मिळालं, हे वाचून बरं वाटलं. पण ब्रश हातात घेण्याआधी त्या फोटोची उलटतपासणी कर. जुना फोटो बऱ्याच गोष्टी चुकीच्या सांगतो, आणि अगदी ठासून सांगतो.

आधी मूळ प्रत माग. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत पापण्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे पुसट होतात, आणि साम्य तर तिथंच असतं. प्रत पासपोर्ट आकाराची असेल तर १२०० डीपीआयला (म्हणजे इंचामागे १२०० ठिपके) स्कॅन कर. कृष्णधवल असली तरी स्कॅन रंगीतच हवं, कारण पिवळे डाग लाल चॅनेलमध्ये, म्हणजे स्कॅनमधला फक्त लाल भाग वेगळा काढून पाहिला की, जवळजवळ दिसेनासे होतात. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस, काचेसकट स्कॅन कर.

मग फोटोचं वय विचार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच प्लेट्सना (फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या काचांना) लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे ओठ काळपट उमटत, आणि तांबूस कातडी आहे त्याहून गडद. स्टुडिओतला रिटचर, म्हणजे फोटोतले दोष झाकणारा कारागीर, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवी. साठीतल्या माणसाचं कपाळ गुळगुळीत दिसलं तर त्याचे हात बघ, तिथं पेन्सिल सहसा पोचत नसे. १९७० च्या दशकातले रंगीत प्रिंट लालसर दिसतात ते बहुधा त्यातलं निळसर रंगद्रव्य उडाल्यामुळे. तो रंग चेहऱ्याचा समजू नकोस. प्रिंट उलटा तर निघालेला नाही ना, हे शर्टाच्या खिशावरून आणि बटणपट्टीवरून ताडून बघ.

घरच्यांकडून प्रमाण फोटो एकच ठरवून घे, आणि होकार देणारी व्यक्तीही एकच. दोन्ही गोष्टी लेखी हव्यात. तीन वयांचे तीन फोटो एकत्र केले की चौथाच माणूस तयार होतो. कातडीच्या रंगासाठी भाऊ, बहीण किंवा मुलगा यांपैकी कुणाला तरी खिडकीपाशी बसवून कपाळ, गाल आणि जबडा यांच्या वेगवेगळ्या छटा टिपून घे. आकार मात्र त्यांच्याकडून घ्यायचा नाही.

मोठ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२ सेंमी भरतं. चित्रात १८ ते २० ठेव. खऱ्यापेक्षा मोठं झालं की चेहरा भिंतीवरून अंगावर येतो. चौकटी आखून रेखाटन कर आणि आरशात उलटं करून तपास. त्यावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढऱ्याचा एकरंगी थर दे, आणि ग्राहकाला याच टप्प्यावर चित्र दाखव. इथं नाक हलवणं तासाभराचं काम आहे, रंग चढल्यावर आठवड्याचं.

सावल्यांत सगळ्यात जास्त फसगत होते. फोटोत गळ्याखालची सावली म्हणजे नुसतं काळं भोक, कारण तिथला तपशील फिल्मवर आलेलाच नसतो. तेच भोक चित्रात उतरवलं की मुंडकं धडावेगळं दिसतं. कुणाला तरी त्याच दिशेच्या प्रकाशात बसव आणि कॉलरवरून उडालेला उजेड जबड्याखाली कसा शिरतो ते बघ. काळ्याऐवजी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून ती सावली भर. डोळ्यांचा पांढरा भागही शुद्ध पांढरा नको. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. फ्लॅशचा ठिपका बुबुळाच्या मधोमध असेल तर तो चित्रातल्या प्रकाशाच्या बाजूला सरकव. दात एकेक करून काढू नकोस, कवळी दिसते.

‘काहीतरी वेगळं वाटतंय’ हे वाक्य ऐकावं लागेलच. अशा वेळी डोळे उकरत बसू नकोस. नाक आणि वरचा ओठ यांतलं अंतर मोज, मग ओठांचे कोपरे, मग वरच्या पापणीची जाडी. बहुतेकदा चूक दोन मिलिमीटरची असते आणि याच तीन जागांपैकी एकीत सापडते.

तैलरंगावर शेवटचं व्हार्निश निदान सहा महिन्यांनी. तोवर रिटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या हलक्या व्हार्निशचा, पातळ हात पुरतो. चित्र देतानाच शेवटच्या व्हार्निशची तारीख मागच्या बाजूला लिहून दे, आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत कर.

तुझा,
काका