राजीनाम्यावर सही करू नका

प्रश्न : २०१८ पासून मी एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात बातमीदार आहे. पगार तेरा हजार. रुजू होताना ‘सध्याच्या वेतनावर समाधानी आहे, मजिठिया (वृत्तपत्र कर्मचाऱ्यांसाठी वेतन मंडळाने ठरवलेलं वेतन) नको’ अशा छापील कागदावर सही घेतली होती. जाहिरातींचं टार्गेटही असतं. आता म्हणतात, राजीनामा द्या, दुसऱ्या कंपनीतून मानधनावर घेतो. मला काही मागता येईल का?

उत्तर : येईल. पण आधी राजीनाम्याचं बोलू, कारण तुमचं खरं नुकसान तिथे होणार आहे. राजीनाम्यासोबत ‘माझं काही येणं बाकी नाही’ असा कागद हमखास पुढे येतो. त्यावर सही झाली की थकबाकीची लढाई फार अवघड होते. सलग सेवा तुटते, आणि मानधनावर गेलात की तुम्ही नोकरदारच नाही असं म्हणायला त्यांना जागा मिळते. तोंडी दबाव आला तर त्याच दिवशी ईमेल करा : ‘आज मला राजीनामा मागितला गेला, मी तो देऊ इच्छित नाही.’

जुन्या कागदाला मात्र घाबरू नका. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या ७ फेब्रुवारी २०१४ रोजी वैध ठरवल्या. तरीही मालक असे कागद लिहून घेतच राहिले. १९ जून २०१७ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा लेखी संमतीने वेतन मंडळापेक्षा कमी पगार देता येत नाही, आणि कंत्राटी कर्मचारीही या शिफारशींच्या कक्षेत येतात. तुमची सही त्यानंतर वर्षभराने घेतली गेली आहे. मला याचा संताप येतो.

तुमची अडचण येईल ती जाहिरातींवरून. हे वेतन मागायला तुम्ही कायद्याने ‘श्रमिक पत्रकार’ ठरायला हवं, आणि त्यासाठी पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असावा लागतो. ‘हे तर आमचे जाहिरात प्रतिनिधी’ असा बचाव होणारच. म्हणून नावासह छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं, ओळखपत्र, डेस्ककडून रात्री-अपरात्री आलेले व्हॉट्सॲप निरोप, बँकेचं पासबुक, पीएफचा उतारा हे सगळं नोकरीत असतानाच जमवा. बाहेर पडल्यावर ऑफिसचा मेल बंद होतो.

रक्कम किती, हे मी आत्ता सांगणार नाही. वेतनश्रेणी वृत्तपत्राच्या वार्षिक उलाढालीवरून ठरते. सीएकडून तक्ता करून घ्या. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहितांमध्ये विलीन झाला आहे. कायदा बदलला म्हणून आधीचा साचलेला हक्क संपत नाही, पण अर्जात त्याआधीचा आणि नंतरचा काळ वेगळा मांडावा लागेल. या संहितांपैकी वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा ‘दिवाळीनंतर बघू’ असं करू नका.

अर्ज कामगार आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. रकमेवर वाद झाला तर प्रकरण पुढे सक्षम प्राधिकाऱ्याकडे किंवा कामगार न्यायालयात जाईल. काही वर्षंही लागतील, हे घरी सांगून ठेवा. तुमच्यासारखी सही केलेले आणखी दोघे-तिघे कार्यालयात असतील, तर त्यांनाही सोबत घ्या.