कोरोनाच्या रुग्णाच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, हे नेमके कसे ओळखतात?

आपल्या प्रश्नाखालच्या तपशिलात असे आहे की वडिलांना कोरोना होऊन अकरा दिवस झाले, ताप उतरला पण धाप वाढली, डी-डायमर (रक्तातल्या गुठळीची शंका असताना करायची रक्ततपासणी) १८०० आला आणि छातीच्या सीटीचा स्कोअर २५ पैकी ९ आहे. शेवटी आपण विचारले आहे, "सीटी तर झालाच आहे, गुठळी असती तर त्यात दिसली नसती का?" नेमके हेच वाक्य २०२० साली कोविड वॉर्डात मी माझ्या वरिष्ठांच्या तोंडून ऐकले होते आणि तेव्हा गप्प राहिले होते. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

नाही, दिसली नसती. ज्या सीटीवरून स्कोअर देतात तो बहुतेक वेळा साधा, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते द्रव्य) न देता काढलेला असतो. फुप्फुसांच्या पाच खंडांपैकी प्रत्येक खंड किती व्यापला आहे हे पाहून त्याला शून्य ते पाच गुण देतात आणि त्यांची बेरीज २५ पैकी मांडतात. हा सगळा हिशेब हवेच्या पिशव्यांचा असतो, रक्तवाहिन्यांचा त्यात विचारच नसतो. साध्या सीटीत वाहते रक्त आणि गोठलेले रक्त जवळजवळ एकाच करड्या छटेचे दिसते, त्यामुळे धमनीत मोठी गुठळी अडकलेली असली तरी ती सहसा नजरेस पडत नाही. ती पाहण्यासाठी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी पल्मनरी अँजिओग्राफी करावी लागते. धाप पुष्कळ आणि स्कोअर कमी, असे गणित जुळेनासे झाले की तिथेच शंका घ्यायची असते.

मी तेव्हा मेडिसिन विभागात निवासी डॉक्टर होते. माझ्याकडे साठीच्या आतले एक गृहस्थ होते. त्यांचा आजाराचा बारावा दिवस होता, ताप गेलेला होता आणि ऑक्सिजन मिनिटाला दहा लिटरवरून चारवर आला होता. एका संध्याकाळी शौचाहून येऊन ते पलंगावर बसले आणि त्यांचे सॅच्युरेशन ९४ वरून ८२ वर उतरले, नाडी १२८ झाली आणि श्वास मिनिटाला ३४ वर गेला. छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाज कालच्यासारखेच होते आणि एक्स-रे दोन दिवसांपूर्वीच्या एक्स-रेवर ठेवावा इतका सारखा होता. मी सरांना फोन करून एम्बॉलिझमची, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकल्याची, शंका सांगितली. ते म्हणाले, "सीटी परवाच झालाय, त्यात काही नव्हतं. कोविडच वाढतोय. आणि हेपरिन तर चालूच आहे, गुठळी सापडली तरी आपण वेगळं काय करणार?" हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन. स्टिरॉइडचा डोस वाढवला गेला आणि पहाटेच्या आत ते गेले. मृत्यूच्या कागदावर 'कोविड न्यूमोनिया' हे कारण मीच माझ्या अक्षरात लिहिले. त्यांना गुठळी होती असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि नव्हती असे सरही सांगू शकत नाहीत, कारण आम्ही पाहिलेच नाही.

दोन आठवड्यांनी एका काकूंच्या बाबतीत हुबेहूब तेच घडू लागले, तेव्हा मात्र मी हटून बसले. खाटेशेजारीच इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर हृदयाचा उजवा कप्पा फुगून डाव्याला दाबत होता. ते चित्र पाहून सरांनी सीटी अँजिओग्राफीला होकार दिला.

कागदावर 'सीटी अँजिओ करावी' असे लिहिणे सोपे असते. धाप लागलेल्या संसर्गित रुग्णाला तिथवर नेऊन आणणे किती अवघड होते, हे वॉर्डात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. काकूंच्या मनगटामागे बारीक निळी कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) होती. कॉन्ट्रास्ट सेकंदाला चार-पाच मिलिलिटर वेगाने आत जातो आणि तेवढ्या वेगाला ती पुरत नाही, म्हणून कोपराच्या खोबणीत जाड, हिरवी लावायची होती. दोन-दोन हातमोजे आणि घामाने धुरकटलेला चष्मा अशा अवस्थेत शीर तिसऱ्या प्रयत्नात मिळाली. आडवे झोपवल्याबरोबर सॅच्युरेशन ८६ झाले. "काकू, अंगभर एकदम गरम वाटेल, घाबरू नका. सांगितलं की श्वास रोखून धरा, फक्त पाच-सहा सेकंद," असे मी सांगितले आणि त्यांनी मास्कमधूनच मान हलवली. तंत्रज्ञाने फुप्फुसाच्या मुख्य धमनीवर एक लहानसे वर्तुळ आखले होते. कॉन्ट्रास्ट तिथे पोचू लागला तसा वर्तुळातला आकडा चढत गेला आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाताच यंत्राने चित्रे घेतली. हा क्षण चुकला किंवा रुग्णाचा श्वास सुटला, तर बारीक धमन्या धूसर येतात आणि सगळी धावपळ वाया जाते. काकूंनी श्वास सोडला नाही. उजव्या खालच्या खंडाकडे जाणारी धमनी चुन्यासारखी पांढरी दिसत होती, तिच्या मधोमध लांबट करडा डाग होता आणि डागाच्या दोन्ही कडांनी कॉन्ट्रास्टची पांढरी रेघ गेली होती. तो डाग म्हणजेच गुठळी. निदान म्हणतात ते हे. काकू आठ दिवसांत ऑक्सिजनवरून सुटल्या आणि पुढे तीन महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत राहिल्या.

आता आपल्या १८०० विषयी. गुठळीतले फायब्रिनचे जाळे तुटू लागले की जो राडारोडा रक्तात उरतो, तो डी-डायमर. परंतु तो संसर्गात, सुजेत, गरोदरपणी, शस्त्रक्रियेनंतर, कर्करोगात आणि नुसत्या वाढत्या वयातही चढतो. एरवी मिलिलिटरमागे ५०० नॅनोग्रॅम ही मर्यादा धरतात आणि पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारा आकडा धरतात. गुठळीची शंका मुळातच कमी असेल आणि आकडा त्याखाली असेल, तर गुठळी नाही असे म्हणता येते. हाच या तपासणीचा खरा उपयोग. कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये हा आकडा इतक्या जणांचा वाढलेला असतो की तो उपयोगच पुष्कळसा निघून जातो. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये कोविडच्या १०६ रुग्णांच्या अँजिओग्राफी तपासल्या तेव्हा ३२ जणांत गुठळी सापडली. त्यांच्या पाहणीत २६६० च्या वरची मर्यादा लावली तर एकही गुठळी सुटत नव्हती, पण गुठळी नसलेल्यांपैकीही एक तृतीयांश लोक त्या मर्यादेच्या वर होते. ती एकाच केंद्रातली लहान पाहणी होती, म्हणून तो आकडा नियमासारखा वापरू नये. १८०० वरून गुठळी सिद्ध होत नाही आणि फेटाळताही येत नाही. आकडा काल ६०० होता आणि आज १८०० झाला असेल तर ती गोष्ट वेगळी. मात्र दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवण्यापूर्वी एकक पाहा, कारण एफईयूमधला आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो.

वेल्स स्कोअर, म्हणजे लक्षणांना गुण देऊन गुठळीची शक्यता मोजण्याची पद्धत, तिचेही असेच होते. त्यात तीन गुण 'गुठळीपेक्षा अधिक संभाव्य असे दुसरे निदान नाही' या निकषाला आहेत, आणि कोविडच्या रुग्णाच्या बाबतीत दुसरे निदान आधीच फाइलीवर लिहिलेले असते. त्यामुळे नेमके तिथे गुण कापले जातात आणि धोका आहे त्याहून कमी दिसतो. पायांची सोनोग्राफी जरूर करावी. पोटरीच्या वर, मोठ्या शिरेत गुठळी सापडली तर उपचारासाठी तेवढा आधार पुरतो. पण पाय स्वच्छ निघाले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण या आजारात रक्तवाहिन्यांचे अस्तरच सुजते आणि गुठळी फुप्फुसात जागच्या जागीही तयार होऊ शकते. इको सुरळीत असला तरी लहान गुठळी निसटते. ईसीजीत बहुधा वाढलेल्या नाडीपलीकडे काही मिळत नाही.

हे सारे अपवादाने घडते, असा युक्तिवाद मी त्या वर्षी पुष्कळ ऐकला. नेदरलँड्समध्ये अतिदक्षता विभागातल्या १८४ रुग्णांची पाहणी झाली तेव्हा सर्वांना प्रतिबंधक हेपरिन मिळत असूनही सुमारे ३१ टक्क्यांना गुठळीसंबंधी गुंतागुंत झाली आणि तिच्यात फुप्फुसातल्या गुठळ्याच सर्वाधिक होत्या. हॅम्बुर्गमध्ये कोविडने गेलेल्या १२ जणांचे शवविच्छेदन केले, तर ७ जणांच्या पायांच्या खोल शिरांत गुठळ्या निघाल्या, ज्यांची जिवंतपणी कोणाला शंकाही आली नव्हती. चौघांचा मृत्यू थेट फुप्फुसातल्या गुठळीने झाला होता. हा अहवाल मी वाचला तेव्हा मला त्या गृहस्थांचा दोन दिवसांच्या अंतराने काढलेला, तसाच्या तसा एक्स-रे आठवला.

राहिला सरांचा प्रश्न: हेपरिन चालूच आहे, तर वेगळे काय करणार? डोस वेगळा देणार. एनॉक्सापॅरिन या हेपरिनच्या प्रकाराचा प्रतिबंधक डोस सहसा दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम असतो. गुठळी सिद्ध झाल्यावर दर किलो वजनामागे एक मिलिग्रॅम, तोही दिवसातून दोनदा द्यावा लागतो. सत्तर किलोच्या माणसासाठी हा फरक दिवसाला ४० आणि १४० मिलिग्रॅमचा आहे. शिवाय गुठळी असेल तर किमान तीन महिने उपचार लागतात, आणि निदानच झाले नाही तर रुग्ण त्या गोळ्यांशिवाय घरी जातो. "मग तपासणीची दगदग कशाला, सगळ्यांनाच मोठा डोस देऊ," असेही काही जण म्हणत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित चाचण्यांनी त्याचे उत्तर दिले आहे: अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांना गुठळी नसताना सरसकट मोठा डोस देऊन फायदा झाला नाही, मोठे रक्तस्राव मात्र ३.८ टक्क्यांना झाले, नेहमीच्या डोसवर ते २.३ टक्के होते. अतिदक्षतेची गरज न पडलेल्यांना मोठ्या डोसचा काही फायदा दिसला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण गंभीर रुग्णात पाहण्याला पर्याय नाही, हे माझे म्हणणे त्यातून पक्के झाले.

मी आपल्या वडिलांना तपासलेले नाही. प्रत्येक कोरोना रुग्णाची अँजिओग्राफी करावी असेही माझे म्हणणे नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा कॉन्ट्रास्टची तीव्र ॲलर्जी असेल तर विचार करावा लागतो, आणि काही ठिकाणी त्याऐवजी फुप्फुसाचा परफ्यूजन (रक्तपुरवठा दाखवणारा) स्कॅन करतात. न्यूमोनिया वाढणे, नवा जंतुसंसर्ग, हृदयाचा झटका किंवा फुप्फुसाभोवती हवा साठणे यांनीही धाप वाढते. तरीही ताप उतरल्यावर अकराव्या दिवशी धाप वाढत असेल तर उद्यापर्यंत थांबू नका. आजच डॉक्टरांना विचारा की नाडी आणि ऑक्सिजनची गरज एक्स-रेशी जुळते का, एका पायाला सूज आहे का, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून अँजिओग्राफी करता येईल का. त्यावर 'हेपरिन चालू आहे' असे उत्तर आले, तर किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हेही विचारा.