ग्राहकाचा सल्ला : जॉब कार्डावर नेमके काय लिहिले आहे?

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी मी नवी मोटार घेतली. इंजिन थंड असताना पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना ती जोराचा हिसका देते. चार वेळा सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली, पण दर वेळी ‘काही सापडले नाही’ असे सांगून ती परत दिली गेली. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे असे झाले असते तर कंपनीने मुकाट्याने गाडी बदलून दिली असती. भारतात असा कायदा आहे का?

उत्तर : आपण पत्रासोबत पाठविलेली चारही जॉब कार्डे, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार व काम ज्यावर नोंदवते ते कागद, वाचली. पहिल्यावर ‘जनरल चेकअप’, दुसऱ्यावर ‘सॉफ्टवेअर अपडेट’, तिसऱ्यावर ‘वॉशिंग, अलाइनमेंट’ आणि चौथ्यावर पुन्हा ‘जनरल चेकअप’ असे लिहिलेले आहे. ‘हिसका’ हा शब्द एकाही कागदावर नाही. आपण चार वेळा तक्रार केलीत यावर माझा विश्वास आहे, परंतु कागदोपत्री ती एकदाही झालेली नाही, आणि ग्राहक आयोगापुढे आपली बाजू कागदच मांडणार आहेत.

म्हणून कायद्याआधी हे काम करावे. पाचव्या वेळी गाडी आदल्या रात्रीच सेंटरवर ठेवावी आणि सकाळी इंजिन आधी कोणालाही सुरू करू न देता तंत्रज्ञाला शेजारी बसवून स्वतः चालवून दाखवावी, कारण थंड इंजिनात येणारा दोष दुपारी, गाडी तापल्यावर, दाखवायला गेलात तर तो दिसणारच नाही. जॉब कार्डावर ग्राहकाची तक्रार नोंदविण्याच्या जागी ‘इंजिन थंड असताना, पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना हिसका बसतो, यापूर्वी चार वेळा सांगितले आहे’ असे आपल्याच शब्दांत लिहवून घ्यावे आणि किलोमीटर व तारीख पाहून मगच सही करावी. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ या मजकुराखाली सही मागतात. चालवून पाहिल्याखेरीज ती देऊ नये, आणि द्यावीच लागली तर शेजारी ‘दोष कायम’ असे लिहावे. त्याच दिवशी हा सारा तपशील विक्रेता व उत्पादक कंपनी या दोघांनाही ईमेलने कळवावा.

आता कायद्याकडे वळू. आपला भाचा म्हणतो तो ‘लेमन लॉ’. सदोष गाडीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात. (बिचाऱ्या लिंबाने काय घोडे मारले होते कोण जाणे!) असा पहिला कायदा १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने केला आणि पुढे इतर राज्यांनीही केले. त्यांतील तपशील राज्यागणिक बदलतो, परंतु एकाच दोषासाठी साधारण चार वेळा दुरुस्ती करूनही तो न जाणे, किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीत अडकून राहणे, ही मोजपट्टी बऱ्याच ठिकाणी आढळते. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानुसार व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. युरोपीय संघातील नियमांप्रमाणे पहिल्या वर्षात उघड झालेला दोष मुळातच होता असे सामान्यतः गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. लक्षात घ्या, या प्रत्येक ठिकाणी काही ना काही मोजले जाते : दुरुस्तीच्या खेपा, दिवस, महिने. तेव्हा ‘मुकाट्याने’ कोणीच काही देत नाही. आपली जॉब कार्डे भाच्याच्या गावी नेली असती तरी तिथेही आधी ‘तक्रार कोठे नोंदली आहे?’ हाच प्रश्न आला असता.

भारतात केवळ मोटारींसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. येथे आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. गुणवत्ता किंवा दर्जा यांतील खोट, अपूर्णता वा उणीव म्हणजे दोष, अशी त्यात व्यापक व्याख्या आहे. आपण जेथे राहता तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि चाचणीशिवाय दोष ठरविणे शक्य नसल्यास प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेण्याची तरतूद आहे.

मात्र गाडी बदलूनच हवी, एवढी एकच मागणी धरून बसू नये. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असताना अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका प्रकरणात म्हटले आहे. म्हणून तक्रारीत बदली गाडी किंवा परतावा, ते न झाल्यास दोषाचे पूर्ण निवारण व वॉरंटीत वाढ, आणि शिवाय नुकसानभरपाई, अशा पर्यायी मागण्या एकाखाली एक मांडाव्यात. माझ्या मते, गिअरबॉक्स बदलून हिसका कायमचा गेला तर तोही आपला विजयच समजावा.

प्रश्न : जुनी मोटार घ्यायची आहे. विक्रेता म्हणतो, ‘आहे त्या स्थितीत घ्या, नंतर तक्रार चालणार नाही.’ असे लिहून दिल्यावर आपला काहीच हक्क उरत नाही का?

उत्तर : हक्क उरतो, पण आखडतो. जे दोष तपासणीत दिसायला हवे होते त्यांविषयी गाडी पाहून घेणाऱ्याला नंतर कुरकुर करता येत नाही, हे मालविक्री कायदा, १९३० मधील तत्त्व आहे. मात्र विक्रेत्याने मुद्दाम खोटे सांगितले असेल, म्हणजे अपघात झालाच नाही अशी खात्री दिली असेल किंवा किलोमीटरचा आकडा मागे फिरविला असेल, तर ती फसवणूक ठरते आणि ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांमागे सहजासहजी लपता येत नाही. अडचण पुन्हा पुराव्याचीच. त्यामुळे ‘अपघात नाही, पुरात बुडालेली नाही, कर्ज शिल्लक नाही, किलोमीटर खरे आहेत’ ही चार वाक्ये विक्रेत्याच्या सहीनिशी लिहून घ्यावीत. सही करताना हात थांबला, तर आपल्याला हवे ते उत्तर फुकटात मिळाले.

पाहायला जाण्यापूर्वी ‘गाडी सुरू करू नका’ असे सांगावे आणि पोचताच बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल, तर थंड इंजिनाची कटकट लपविण्यासाठी ते आधीच तापविले असण्याची शक्यता असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. पुरात बुडालेल्या गाडीचे आतले कापड धुतले जाते, परंतु गुंडाळलेल्या पट्ट्याच्या टोकाशी चिखलाची रेघ बऱ्याचदा तशीच राहते. किलोमीटर कमी आणि ब्रेक पेडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत, ही जोडी जमत नाही. चावी फिरवताच डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा क्षणभर लागायलाच हवा. तो लागतच नसेल तर मुद्दाम बंद केलेला असू शकतो. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र, लावून पाहणे उत्तम, कारण दोषांचे कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या संगणकाच्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण दिसतात. यातले काही जमत नसेल तर विक्रेत्याच्या ओळखीचा नव्हे, आपला मेकॅनिक न्यावा.

प्रश्न : कंपनीने माझ्या मॉडेलच्या गाड्या एअरबॅगच्या दोषामुळे परत बोलावल्या आहेत. माझी गाडी व्यवस्थित चालते आणि मी तिचा दुसरा मालक आहे. जावे का?

उत्तर : जावे, आणि लवकर जावे. एअरबॅगचा दोष चालविताना जाणवत नाही, तो अपघाताच्या क्षणीच कळतो. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील रसायन उष्णता व दमटपणामुळे बिघडत असे आणि फुगताना धातूचे तुकडे उडत. त्यात जगभर माणसे दगावली, आणि त्या गाड्याही तोवर नीटच चालत होत्या. अशी दुरुस्ती सामान्यतः विनामूल्य असते आणि ती गाडीला लागू होते, पहिल्या मालकाला नव्हे. पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेले असेल, म्हणून १७ अक्षर-अंकांचा चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. काम झाल्यावर त्याचे जॉब कार्ड घ्यायला विसरू नये. गाडी विकायला काढाल तेव्हा पुढचा ग्राहक तेच मागेल.